मिनॉक्स 35: ईएल, जीएल की जीटी?

मिनॉक्स 35 या खिशात मावणाऱ्या जुन्या फिल्म-कॅमेऱ्याची चौकशी करणारा हमखास विचारतो, तिघांतल्या कुठल्याचे फोटो चांगले येतात? तिघांचे सारखेच. ईएल (1974), जीएल (1979) आणि जीटी (1981) या तिन्हींत तीच चार भिंगांची 35 मिमी एफ 2.8 कलर-मिनोटार लेन्स आहे, अंग तेच काचतंतू घातलेल्या मॅक्रोलॉन प्लास्टिकचं, वजन 200 ग्रॅमच्या आसपास. डिझायनर रिचर्ड फिशर यांचा तो लेन्ससमोरचा, खाली उघडणारा दरवाजाही तसाच. प्रिंट पाहून मॉडेल ओळखून दाखवणारा कुणी भेटला तर पैज लावायला हरकत नाही.

एक्स्पोजरची (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा त्याची) पद्धतही एकच. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, तुम्ही निवडायचं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान), वेळ कॅमेरा ठरवतो, 30 सेकंदांपासून 1/500 पर्यंत. फोकस मात्र अंदाजाने. एफ 8 ला 3 मीटर लावलं की साधारण 1.9 ते 7 मीटरपर्यंत सगळं नीट येतं, त्यामुळे रस्त्यावर अडत नाही. एफ 2.8 ला 2 मीटरवरच्या चेहऱ्यासाठी मात्र जेमतेम अर्ध्या मीटरची जागा मिळते. अंदाज चुकला की नाकाऐवजी मागची भिंत स्पष्ट.

आणखी एक मर्यादा तिघांनाही लागू: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400 चं रीळ घालून भर उन्हात एफ 8 ठेवलं, तर सुमारे 1/1600 लागतं आणि कॅमेरा 1/500 च्या पुढे जात नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात एकतर एफ 16 वर जा, नाहीतर 100 चं रीळ घाला.

मग फरक कशात? जीएलला पाठीमागून उजेड असताना वापरायची दुप्पट-एक्स्पोजरची कळ आहे. खिडकीसमोर बसलेला माणूस काळा पडू नये म्हणून ती वेळ दुप्पट करते. ईएलमध्ये तेच काम आयएसओची चकती फिरवून होतं: 400 ऐवजी 200 लावा, फोटो काढा, परत 400 वर आणा. परत आणायचं विसरणं हाच खरा त्रास. अर्थात जीएलची कळही चालू राहून जाते. निगेटिव्ह रीळ एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड पचवतं, स्लाइड फिल्म पचवत नाही.

जीटीला ही कळ आहेच, शिवाय सेल्फ-टायमर. तो घरच्यांच्या फोटोत स्वतः शिरण्यापुरता आहे असं समजून लोक सोडून देतात. एवढ्या हलक्या कॅमेऱ्याचं बटण बोटाने दाबलं की तो ट्रायपॉडवरही हलतो. दोन-चार सेकंदांच्या एक्स्पोजरला टायमर लावला तर दाबल्याचा धक्का शटर उघडेपर्यंत विरून जातो. रात्रीचे फोटो काढणार असाल तर जीटीचे जास्तीचे पैसे वसूल आहेत. नसाल तर जीएल बस्स. ईएल किंमत बरीच कमी असेल तरच.

पण या तिघांत निवड करण्याआधी हातातला नग तपासा, कारण चिकट शटर असलेल्या जीटीपेक्षा साफ शटरची ईएल केव्हाही बरी. या कॅमेऱ्यांचा ठरलेला आजार हाच: वंगण पातळ होऊन शटरच्या पात्यांवर येतं, पाती उशिरा उघडतात किंवा उघडतच नाहीत. दोन-चार वेळा चालवलं की ती मोकळी होतात. म्हणून विकणाऱ्याला आधी शटर वाजवू देऊ नका, पहिलं दाबणं तुमचं असू द्या. सेल घाला, एफ 16 आणि सगळ्यात कमी आयएसओ लावा, अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखा (रीळ पुढे सरकवायचा खटका दोनदा ओढायचा असतो, एका खेचीत शटर भरत नाही). समोरून लेन्समध्ये बघा, शटर काही सेकंद उघडं राहिलं पाहिजे. लगेच ‘टिक’ करून मिटलं तर सेल, संपर्कपट्ट्या किंवा सर्किट, यांपैकी काहीतरी गेलं आहे. मग खिडकीकडे रोखून एफ 2.8 ला दाबा, इथे ते झटकन मिटायला हवं.

मूळचा पीएक्स 27 हा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. त्याजागी सिल्व्हर ऑक्साइडचे चार एसआर 43 बटण-सेल एकावर एक रचून कागदाच्या नळीत बसवा. प्रत्येकाची जाडी 4.2 मिमी, म्हणजे उंची 16.8 भरते. मूळ सेल सुमारे 20 मिमीचा होता, तेव्हा उरलेल्या तीनेक मिमीत अॅल्युमिनियम फॉइलची घट्ट घडी घाला. सैल घडी हे कॅमेरा ‘मध्येच बंद पडतो’ या तक्रारीचं नेहमीचं कारण. अल्कलाइन एलआर 43 स्वस्त पडतात, पण त्यांचं व्होल्टेज वापरात उतरत जातं, सिल्व्हर ऑक्साइडचं जवळपास शेवटपर्यंत टिकतं.

दरवाजाची बिजागरी ढिली आहे का, तेही पाहा. आणि मागून टॉर्च मारून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर मुंबई-कोकणातल्या दमट कपाटात ती वाढतच जाणार. असा नग किंमत कितीही पाडून मिळाला तरी घेऊ नका.