मारवा कशावर ऐकायचा: जुनी एलपी, नवी रीइश्यू, सीडी की फाइल?

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, मामा, एक लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, जुन्या ख्यालाची एलपी परत काढतंय, १८० ग्रॅमची आहे, प्रीऑर्डर चालू झालीय, करू का? आणि खाली फोटो, नव्या टर्नटेबलचा, अजून अर्धा थर्माकोलमध्येच असलेला. मी म्हटलं थांब जरा, आधी हे सांग की तुला ते गाणं हवंय की ती तबकडी. तर म्हणाला दोन्ही. बरं. मग त्याला व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात जे लिहिलं तेच इथे सलग लिहितोय, कारण हल्ली महिन्याला दोघंतिघं तरी हेच विचारतात.

उदाहरणाला एकच तबकडी घेऊ. ख्यालगायक अमीरखाँसाहेबांची, मारवा आणि दरबारी या दोन रागांची, एचएमव्ही, १९६० ची, नंबर ईएएलपी १२५३. संग्रह करणाऱ्या कुणाच्याही तोंडी हा नंबर असतो, एका बाजूला मारवा, उलटवली की दरबारी. वीस-बावीस मिनिटांच्या आसपास एकेक बाजू, आणि मुद्दा असा की ती वीस मिनिटं कापून केलेली नाहीत, त्या मापातच गायलेली आहेत. संथ लयीतलं विलंबित किती फुलवायचं, जलद द्रुतावर कधी यायचं हे सगळं बाजू संपायच्या हिशोबाने बसवलेलं, घाई मात्र कुठे नाही. मला वाटतं फॉरमॅट निवडताना पहिला विचार हाच करावा की गाणारा कुठल्या मापात गायला. आवाजाची क्वालिटी, बिट, किलोहर्ट्झ हे सगळं त्यानंतर.

तर जुनी मूळ प्रत. ती चांगल्या अवस्थेत मिळाली तर प्रश्नच मिटला, पण ती चांगल्या अवस्थेत मिळत नाही हीच तर गोची आहे. आपल्याकडे एलपी वाजल्या त्या जड सुईच्या प्लेयरवर, आणि सुई बदलायची असते हे निम्म्या घरांना माहीतच नव्हतं, त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी तबकडी आतून किसलेली असू शकते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी अजून जातो, तिथे वाजवून बघायची सोय नसते, मग मी काय करतो तर आधी मधल्या भोकाभोवतीचं लेबल बघतो. भोक शोधताना प्लेयरचा मधला खिळा लेबलवर घासून बारीक रेघा पडतात, रेघा जितक्या जास्त तितकी तबकडी वाजलेली. मग ती उन्हात तिरकी धरायची, चर करडे दिसले तर ठेवून द्यायची, काळे दिसले तर घासाघीस सुरू करायची. पावसाळ्यात घरात बंद राहिलेल्या रेकॉर्डवर पांढरी बुरशी असते, ती बऱ्याचदा धुऊन निघते, तिला घाबरू नका. किसलेला चर मात्र धुऊन भरत नाही. कव्हर कसरीने खाल्लं असेल तर खाऊ दे, कव्हर कुठे वाजतं.

नंबरावरून एक गोष्ट चटकन कळते, ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनोला नाक मुरडू नका, गळा एकच आहे, मधोमध येतो, काय बिघडलं. उलट ॲम्पला मोनोचं बटण असेल तर ते दाबून बघा, खरखर बरीच कमी होते.

आता नवीन रीइश्यू, म्हणजे परत काढलेली प्रत. यात लोक सगळ्यात जास्त भुलतात ते त्या १८० ग्रॅमच्या स्टिकरला. वजनाने तबकडी सपाट राहायला थोडी मदत होते, हातात घेतल्यावर बरं वाटतं, बाकी आवाज ठरतो तो दोन गोष्टींवर, आवाज कुठून उचललाय आणि चर कोरलेत कसे. मूळ टेपवरून केलं असेल तर छानच, मग जुन्या घासलेल्या प्रतीपेक्षा हीच घ्या. पण बऱ्याच वेळा जुन्या सीडीसाठी केलेली डिजिटल फाइलच परत तबकडीवर कोरलेली असते, तेव्हा तुम्ही तीन हजार देऊन सीडी विकत घेता आणि वर खरखर फुकट. आणखी एक भानगड, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा, म्हणजे ही १९६० ची तबकडी २०२१ पासून मोकळी झाली, कुणीही काढावी. त्यामुळे जुन्या एलपीवरूनच उतरवून घेतलेल्या प्रतीही नवीन म्हणून येऊ शकतात. प्रीऑर्डरच्या पानावर टेपचा उल्लेख आहे का ते शोधा, टेपवरून केलं असेल तर लेबल ते मोठ्या अक्षरात सांगतं, आणि नुसतं ‘रीमास्टर्ड’ लिहून गप्प बसलं असेल तर समजून जा.

आणि प्रेसिंगचा, म्हणजे तबकडी छापण्याचा दर्जा. मी दोन वर्षांपूर्वी परदेशातून एक रीइश्यू मागवली, नाव घेत नाही, पोस्टेज आणि कस्टम धरून चार हजारांच्या वर गेली. वाजवली तर तानपुरा झुलतोय. आधी वाटलं पट्टा सैल झाला टर्नटेबलचा, मग दुसरी रेकॉर्ड लावली तर ठीक. परत ही लावली आणि डोळा खाली नेऊन सुईकडे बघत बसलो तर कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तो ठोकळा, प्रत्येक फेऱ्याला डावीकडे-उजवीकडे डुलतंय, म्हणजे भोकच मध्यावर नाही. रॉकबिक असतं तर कदाचित लक्षातही आलं नसतं, ड्रम आणि गिटारच्या गोंधळात खपून जातं, पण आपल्याकडे षड्ज अखंड धरलेला असतो, तो दर दोन सेकंदाला चढतो-उतरतो आणि मग दुसरं काही ऐकूच येत नाही. विकणाऱ्याने दोन आठवडे मेलामेली करून अर्धे पैसे परत केले, तबकडी माझ्याकडेच आहे, भिंतीवर लावलीय.

एलपीचा एक मूळचाच दोष सांगतो, तो नव्या-जुन्या दोन्हींत आहे. तबकडी एकाच वेगाने फिरते, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, पण बाहेरच्या कडेला सुईखालून जितका चर सरकतो त्याच्या निम्म्याहून कमी आतल्या टोकाला सरकतो, म्हणून आत आत जाताना आवाज चिरकायला लागतो. आणि आपलं गाणं चालतं नेमकं उलटं. सुरुवातीला शांत, तानपुरा आणि मंद्रातला एखादा स्वर, तिथे तबकडीची खरखर सगळ्यात जास्त टोचते, आणि शेवटी द्रुत तानांचा पाऊस नाहीतर सतारीवरचा जलद ‘झाला’, तो येतो बरोब्बर त्या चिरकणाऱ्या टोकाला. बीथोव्हनच्या सिंफनी ऐकणाऱ्यांचीही शेवटाला हीच रड असते म्हणा. चांगली सुई, नीट लावलेलं कार्ट्रिज, एवढाच उपाय. त्यामुळे भाच्याला मी म्हटलं की पहिले पाच हजार रेकॉर्डवर घालवू नकोस, कार्ट्रिजवर घाल.

सीडी सध्या अनाथ आहे आणि म्हणूनच माझ्या मते सगळ्यात फायद्याची. मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ ला बंद झालं तेव्हा आम्ही हळहळलो, पण तेव्हापासून लोक घरातल्या सीडी अक्षरशः किलोवर काढतायत. लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो हे खरं, बाहेरून लावायचा हजार-दीड हजारात मिळतो. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणजे मैफलीचा एक पूर्ण राग न तोडता बसतो, भीमसेनजींचं रंगलेलं लाइव्ह गाणं एलपीवर दोन तुकडे करून ऐकणं म्हणजे जेवताना मधेच उठवल्यासारखं. आकाशवाणीनेही स्वतःच्या संग्रहातलं बरंच सीडीवर काढलं होतं, दिसलं तर घेऊन टाका, किंमत बघू नका.

पण जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डींच्या, किंवा एलपीच्या सीडी घेताना सावध. खरखर काढायचं सॉफ्टवेअर बेताल चालवलं की पहिला बळी जातो तानपुऱ्याचा. जवारीचा, म्हणजे तारांच्या गुंजनाचा, जो वरचा झणझणीत धूर असतो ना, सॉफ्टवेअरला तो आणि सुईची सरसर सारखीच वाटते, दोन्ही पुसतं. उरतो तो रबरी तानपुरा आणि कपाटातून गाणारा गायक. खरखर राहिलेली सीडी चालेल, धुऊन पांढरी केलेली नको. आणि ७८ च्या बाबतीत पट्टी. त्या काळच्या रेकॉर्डी सगळ्या काही नेमक्या ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नाहीत, त्यामुळे उतरवणाऱ्याने वेग कुठला धरला त्यावर गायकाचा स्वर ठरतो. अब्दुल करीमखाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ माझ्याकडे दोन संग्रहांत आहे, दोन्हींच्या पट्टीत जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक, एकात खाँसाहेब तरणे वाटतात, दुसऱ्यात दमलेले. तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं, त्यासाठी चावीचा ग्रामोफोन घ्यायच्या फंदात पडू नका, नीट वेगाने उतरवलेली सीडी किंवा फाइल बघा.

कॅसेट? नव्याने सुरुवात करणाऱ्याने नकोच. अपवाद एकच, काही मैफली फक्त कॅसेटवरच निघाल्या, पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या कॅसेटी आठवा, तसं काही हाती लागलं तर लगेच डिजिटल करून घ्या.

फाइल आणि स्ट्रीमिंगबद्दल खरं तर मी वाईट बोलायला बसलो होतो पण जमणार नाही. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारी फाइल, जादा पैसे न घेता दिलं, आवाजाबद्दल तक्रार करायला जागा कमीच उरली. तक्रार आहे ती बाकीच्या गबाळेपणाची. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, साल काय, काही पत्ता नाही, रागाचं नाव चुकलेलं, आलाप आणि त्याला जोडून येणारा लयीतला जोड वेगळे ट्रॅक केल्यामुळे मधे तानपुरा टचकन तुटतो. एकदा रात्री दरबारी संपली, मी डोळे मिटून बसलेलो, आणि पाचव्या सेकंदाला ॲपने स्वतःहून झोपेची बासरी लावली, पाण्याच्या खळखळाटासकट. ऑटोप्ले आधी बंद करा. शिवाय आज असलेला अल्बम उद्या गायब होतो, ज्याच्याशिवाय करमत नाही ते फक्त स्ट्रीमिंगच्या भरवशावर ठेवू नका.

विकत घेतलेली फाइल ही वेगळी गोष्ट आणि नव्याने निघणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी मला हीच सगळ्यात पटते. ब्लॅक ट्रफल या ऑस्ट्रेलियन लेबलने ध्रुपद गाणाऱ्या थोरल्या डागरबंधूंची, मोइनुद्दीन आणि अमीनुद्दीन, बर्लिनची १९६४ ची ध्वनिमुद्रणं काढली, एक मैफलीचं आणि एक स्टुडिओचं, एलपीवर पण आणि बँडकँप या साइटवर फाइल पण. मोइनुद्दीनखाँ १९६६ मध्येच गेले, त्यामुळे ही जोडी ऐकायला मिळते तीच मुळात थोडी, इतक्या वर्षांनी असं काही निघालं की लॉटरीच म्हणायची. आता यात एलपी की फाइल? एलपीचं कव्हर भिंतीवर लावण्यासारखं असतं, वर माहितीही छापलेली. पण ध्रुपदाचा आलाप मोजून वीस मिनिटांत आटपेल अशा हिशोबाने गायचा नसतो, तो हळूहळू खालून वर जातो आणि त्यात उठून बाजू उलटवायला जाणं जिवावर येतं. मी फाइल घेतली. खाली खर्जात आवाज जातो तेव्हा मागे टिकटिक नको वाटते. २४ बिटची, म्हणजे जास्त बारकाईची, घ्या की साधी, ज्याला जे परवडेल ते, टेप चांगली असेल तर साधीसुद्धा पोटभर आहे.

तर भाच्याला शेवटी जे सांगितलं ते हे. स्टुडिओत एलपीसाठीच गायलेलं, म्हणजे मारवा-दरबारी किंवा किशोरीताई आमोणकरांचा ‘प्रथम सूर साधे’ आणि ‘सहेला रे’ वाला भूप, ते एलपीवर घे, जुनी प्रत बरी मिळाली तर जुनी, नाहीतर टेपवरून काढलेली नवी. लाइव्ह आणि ध्रुपद सीडीवर नाहीतर फाइलवर. ७८ वाल्यांसाठी नीट उतरवलेली सीडी. आणि नवीन कोण गातंय ते आधी स्ट्रीमिंगवर ऐक, आवडलं तर फाइल विकत घे, गाणाऱ्याच्या हातात काहीतरी पडू दे. पैसे मोजकेच असतील तर सुरुवात सीडीने, हे त्याला अजिबात आवडलं नाही कारण सीडीचा फोटो टाकता येत नाही म्हणे.

प्रीऑर्डर त्याने केलीच आहे, मला न सांगता, बहिणीकडून कळलं. पुढच्या महिन्यात येईल म्हणतोय. त्याला एवढंच कळवलंय की प्लॅस्टिक फाडलंस की गाणं ऐकायच्या आधी पहिला फेरा सुईकडे बघ, आणि डुलली तर त्याच दिवशी व्हिडिओ काढून पाठव, दोन आठवडे माझ्यासारखं मेलामेली करत बसू नकोस.