ई-कोडिसेस : वंडलगारियसच्या अक्षरात जुना कायदा

तीस वर्षं मी कायद्याचे दस्त लिहितो आहे. त्यामुळे जुन्या कायद्यांची भाषांतरं वाचताना सारखं वाटायचं, हे ज्याने बसून उतरवलं त्याचं अक्षर एकदा बघायला मिळावं. जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रं ठेवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या ‘ई-कोडिसेस’ या संकेतस्थळावर ते मिळालं, तेही फुकट. सेंट गालेनच्या मठाच्या ग्रंथालयातली ७३१ क्रमांकाची पोथी उघडा.

वंडलगारियस नावाच्या लेखनिकाने ती ७९३ मध्ये पुरी केली आणि आपलं नावही तीत लिहून ठेवलं. पान मोठं करत गेलं की चर्मपत्राचा पोत, शाई, रंगवलेली आद्याक्षरं सगळं जवळ येतं. पण माझे दोन रविवार गेले ते पोथीच्या रचनेपायी. एकाच पोथीत तीन कायदे आहेत : व्हिसिगॉथ राजाने रोमन प्रजेसाठी काढलेला, सालियन फ्रँकांचा आणि अलेमानांचा. व्हिसिगॉथ, फ्रँक, अलेमान हे तिन्ही जर्मनिक लोक. माणूस राहतो कुठे यापेक्षा तो कोणत्या लोकांतला, यावर त्याचा कायदा ठरायचा. न्यायाला बसणाऱ्याला तिन्ही लागणारच.

फ्रँकांच्या कायद्यात मुक्त फ्रँकाच्या जिवाची भरपाई २०० सॉलिडस (सोन्याची नाणी), रोमन जमीनदाराच्या जिवाची १००, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या जिवाची ६००. कुणाला ‘कोल्हा’ म्हटलं तरी ३. आणि ज्याला भरपाई झेपत नाही, त्याने घराच्या चारही कोपऱ्यांतली माती उचलून खांद्यावरून जवळच्या नातलगावर टाकायची, मग अंगातल्या सदऱ्यानिशी, अनवाणी, हातात काठी घेऊन कुंपणावरून उडी मारायची. देणं त्या नातलगाच्या माथी. हे कलम वाचल्यावर त्या दिवशी मला पुढे वाचवलं नाही.

लॅटिन येत नसेल तर शेजारी छापील भाषांतर असू द्या, मीही तसंच वाचतो.

सध्या ७३० क्रमांक उघडला आहे. इटलीत राज्य करणाऱ्या लाँगोबार्ड या जर्मनिक लोकांचा राजा रोथारी याच्या ६४३ मधल्या कायद्याची ही सर्वांत जुनी प्रत. तिची पानं कापून दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत वापरली गेली, म्हणून उरले ते तुकडे. सूडाचं वैर थांबावं म्हणून रोथारीने भरपाई पूर्वजांपेक्षा मुद्दाम वाढवली होती. परक्याच्या दासीला चेटकीण ठरवून मारू नये, बाई जिवंत माणसाला आतून खाते हे ख्रिस्ती मनाने मानू नये, असंही त्याने लिहवून घेतलं. ते कलम मी आता तुकड्या-तुकड्यांतून शोधतो आहे.