क्वानशेंग यूव्ही-के५ मॉडिफाय करून आठ महिने : आधी ते ५१२ बाइट वाचवा

गेल्या महिन्यात स्पेस स्टेशन डोक्यावर आलं होतं, गच्चीत उभा राहून के५ वर, म्हणजे माझ्या हातातल्या हॅम वॉकी-टॉकीवर, १४५.८०० मेगाहर्ट्झला एसएसटीव्ही (रेडिओवरून येणारी स्थिर चित्रं) घेत होतो, पहिलं चित्र अर्धं उतरलं आणि सेट बंद. ना बीप, ना वॉर्निंग. बंद व्हायच्या क्षणापर्यंत स्क्रीनवर बॅटरी निम्म्याच्या वर दाखवत होती. पीडी१२० या एसएसटीव्ही पद्धतीत एक चित्र यायला साधारण दोन मिनिटं लागतात आणि अख्खा पास (स्टेशन डोक्यावरून जायचा वेळ) फार तर दहा मिनिटांचा, खाली जाऊन बॅटरी बदलून येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या रात्री ठरवलं की हे लिहायचंच, कारण के५ च्या मॉडबद्दल सगळे फक्त रेंजबद्दल बोलतात आणि माझं नुकसान दुसऱ्याच गोष्टीने झालं.

पहिला टप्पा फुकटातला. दोन पिनची केनवूड टाइप केबल होतीच, पीटीटी (बोलायचं बटण) दाबून सेट चालू केला की टॉर्च लागतो, मग ब्राउझरमधूनच एगझुमर नावाचं फर्मवेअर (सेटच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं, मिनिटभराचं काम. डब्यातून आला तेव्हा ५० ते ६०० मेगाहर्ट्झ होतं, आता १८ ते १३०० झालं, मधला ६३० ते ८४० चा तुकडा सोडून, कारण आतली बीके४८१९ चिपच तिथे चालत नाही. पहिले दोन आठवडे मी खूश होतो, ग्रुपवर सगळ्यांना सांगत सुटलो की घ्याच. आता तसं सांगणार नाही. आकडा टाकता येतो म्हणजे ऐकू येतं असं नाही. अँटेना आणि चिपच्या मधले फिल्टर व्हीएचएफ आणि यूएचएफसाठी बनवलेत, त्यामुळे २७ मेगाहर्ट्झला सेट जवळजवळ बहिरा आहे. त्यातला स्पेक्ट्रम अॅनालायझर मात्र खरंच कामाचा, आसपास कुठे सिग्नल उठतोय ते लगेच दिसतं, त्या एका गोष्टीसाठी फर्मवेअर टाकावं.

ट्रान्समिटबद्दल स्पष्ट बोलतो. फर्मवेअरच्या छुप्या मेनूत (पीटीटी आणि वरचं साइड बटण दाबून सेट चालू करायचा) एफ लॉक आहे (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समिट करता येईल ते तिथे ठरतं), त्यात 'अनलॉक ऑल' पण आहे. ते करू नका. आउटपुटचे फिल्टर दोनच बँडचे असल्यामुळे बाहेर कुठेही पीटीटी दाबलं की पॉवर कमी आणि हार्मोनिक्सचा (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणाऱ्या नको त्या सिग्नलचा) कचरा जास्त, शिवाय आपलं हॅम लायसन्स त्यासाठी नाहीच. मी 'सीई हॅम' ठेवलंय, म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३० ते ४४०, पण आपल्याकडे वरचा बँड ४३४ ते ४३८ एवढाच आहे, ते भान स्वतःच ठेवायचं.

मला खरं हवं होतं शॉर्टवेव्ह. त्यासाठी एफएम रेडिओवाली बीके१०८० चिप काढून एसआय४७३२ बसवतात, मग मीडियम वेव्हपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत एएम आणि एसएसबी (शॉर्टवेव्हवर हॅम लोक बोलायला वापरतात ती पद्धत) दोन्ही येतं. पण एसएसबीसाठी चिपला प्रत्येक वेळी चालू झाल्यावर पॅच (छोटा प्रोग्रॅम) भरावा लागतो, तो साधारण १५ केबीचा, आणि के५ मधली मूळ ईईप्रॉम (सेटिंग साठवणारी मेमरी चिप) २४सी६४, म्हणजे फक्त ८ केबी. म्हणून ती पण बदलून २ मेगाबिटची लावायची. आणि त्याच जुन्या ८ केबीत शेवटचे ५१२ बाइट म्हणजे त्या सेटचं फॅक्टरी कॅलिब्रेशन, कारखान्यात जुळवलेले आकडे. बॅटरी, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय), सिग्नल मीटर, ट्रान्समिट पॉवर, सगळं त्यात. प्रत्येक सेटचं वेगळं.

एवढं बारीक सोल्डरिंग माझ्याने होत नाही, म्हणून मोबाइल रिपेअरवाल्या दादांकडे दिला. साडेसहाशे ठरले. जाताना दोनदा सांगितलं की दादा, जुनी ईईप्रॉम काढायच्या आधी मला फोन करा, मी लॅपटॉप घेऊन येतो, बॅकअप घ्यायचाय. संध्याकाळी गेलो तर काम तयार. म्हटलं जुनी चिप द्या, तर म्हणाले टाकली, कचऱ्यात गेली, तिचं काय करायचंय तुम्हाला? अर्धे पैसे परत मागितले, दिले नाहीत. सोल्डरिंग एकदम स्वच्छ केलं होतं हे मान्य, पण मला त्या चिपचं अजूनही वाईट वाटतं. दोन मिनिटांचा बॅकअप होता हो.

घरी आणल्यावर स्क्वेल्च बंदच होईना, मीटरच्या दांड्या कायम वर. मित्राकडेही के५ आहे, त्याच्या सेटचं कॅलिब्रेशन काढून माझ्यात भरलं, स्क्वेल्च ठीक झाला, मीटर पण ठीकठाक, म्हटलं सुटलो. बॅटरी तेवढी तपासली नाही आणि तीच नडली. त्या पासनंतर मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, स्क्रीनवर ७.६ व्होल्ट आणि प्रत्यक्षात ६.९. फुल्ल चार्जला ८.४ असते, त्यात ०.७ चा फरक म्हणजे बॅटरीचा आकडा पूर्ण खोटा. उपाय त्याच छुप्या मेनूत निघाला, बॅटकॅल म्हणून आयटम आहे, मल्टिमीटरचं रीडिंग बघून जुळवायचं, झालं. पाच मिनिटं. हे आधी माहीत असतं तर ती चित्रं माझ्याकडे असती.

ट्रान्समिट पॉवर मात्र अजून मित्राच्याच सेटच्या हिशेबाने चालते, ती पॉवर मीटर मिळाला की बघेन.

आता शॉर्टवेव्हचं. दिलेल्या छोट्या अँटेनावर काही येत नाही, नऊ-दहा मीटर वायर लागतेच. पुण्यात सोसायटीत एलईडी दिवे आणि लिफ्टच्या मोटरच्या खरखरीत सगळं बुडतं, दोन महिने मी पैसे वाया गेले असंच धरून चाललो होतो. मग दिवाळीत वेल्ह्याकडे गावी गेलो, आंब्याच्या झाडावर वायर टाकली आणि रात्री ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये एलएसबीवर (एसएसबीचाच एक प्रकार) माणसं बोलताना एवढी स्वच्छ आली की थंडीत दोन तास बाहेर बसलो. हातात मावणाऱ्या सेटवर हे ऐकतोय यावर विश्वास बसत नव्हता. फक्त ऐकता येतं, ही चिप ट्रान्समिट करत नाही, पण तेवढं पुरे.

बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, यावर पुणे केंद्र लागतं का? ७९२ किलोहर्ट्झ टाकलं, लगेच लागलं. तेव्हापासून सकाळी सेट त्यांच्याकडे असतो, घरीसुद्धा खिडकीतून वायर सोडलीय, पुणे केंद्र जोरात असल्यामुळे खरखरीतूनही ऐकू येतं. परवा सकाळी स्टेशनचा पास होता, बाबांना म्हटलं सेट द्या, तर म्हणाले, थांब, बातम्या संपू देत, आणि बॅटरी ७.८ दाखवतेय, पुरेल तुला.