गोष्टीतला पैसा मोजायचा असेल तर: प्रोजेक्ट गुटेनबर्गवरची जुनी इंग्रजी बालपुस्तकं

जुन्या इंग्रजी बालपुस्तकांत गरिबी नुसती सांगितलेली नसते, ती मोजून दिलेली असते. बापाचा आठवड्याचा पगार किती, पाव केवढ्याला, दोरीवरच्या उड्यांची दोरी केवढ्याला, हे सगळं पानापानांवर येतं. मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढताना कात्री पहिल्यांदा याच ओळींवर चालते. कथानक उरतं आणि हिशेब जातो. मग गरीब मुलगी म्हणजे फक्त फाटका फ्रॉक आणि डोळ्यांत पाणी. म्हणून ही पुस्तकं पैशाच्या अंगानं वाचायची असतील, वर्गात शिकवायची असतील, तर संपूर्ण पाठच हवा, आणि त्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे फुकट ई-पुस्तकांचं संकेतस्थळ ही सगळ्यात सोयीची जागा आहे.

मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे काम सुरू केलं. आज तिथे सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. नोंदणी नाही, जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. मजकूर मुख्यतः स्वयंसेवकांनी छापील पानाशी ताडून तपासलेला असतो, त्यामुळे यंत्रानं वाचून तसाच सोडलेल्या फायलींत दिसणाऱ्या चुका इथे फार कमी.

प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक असतो. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ, 'ईबुक्स', पुन्हा तिरकी रेघ आणि तो क्रमांक टाकला की थेट पुस्तकाचं पान उघडतं. या विषयासाठी पुढचे क्रमांक पुरे आहेत: 'अ ख्रिसमस कॅरल' ४६, 'द सीक्रेट गार्डन' ११३, 'अ लिटल प्रिन्सेस' १४६, 'लिटल विमेन' ५१४, 'द रेल्वे चिल्ड्रन' १८७४. नावानं शोधलं तर एकाच पुस्तकाच्या दोन-तीन नोंदी येतात आणि कुठली घ्यावी ते कळत नाही. ही या सेवेची खरी उणीव आहे. नोंदींतला फरक बहुतेक वेळा चित्रांचा किंवा मूळ छापील आवृत्तीचा असतो, पण शोधाच्या यादीत तो नीट सांगितलेला नसतो.

एका ठिकाणी मात्र हा गोंधळ महागात पडतो. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांनी सारा क्रूची गोष्ट आधी १८८८ मध्ये लहान स्वरूपात लिहिली आणि १९०५ मध्ये वाढवून 'अ लिटल प्रिन्सेस' केली. दोन्ही गुटेनबर्गवर आहेत. घाईत 'सारा क्रू' उतरवलं तर त्यात बेकी नाही. बेकी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी मोलकरीण पोर, आणि पैशाच्या दृष्टीनं पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र तीच. साराची गरिबी म्हणजे मधला एक काळ. बापाचा पैसा परत मिळाला की ती संपते. बेकी जन्मानं गरीब, आणि शेवटी तिला काय मिळतं? सारासारखं घर नाही, साराच्या खास दासीची जागा. उबदार, पोटभर, पण दासीचीच. हे लक्षात आलं की पुस्तकाचा सुखान्त वेगळा दिसायला लागतो, म्हणून १४६ क्रमांकच घ्या.

फाइल कुठली घ्यावी? फोनवर वाचणार असाल तर चित्रांसह ईपब. किंडलवाल्यांनीही ईपब उतरवून 'सेंड टू किंडल'नं पाठवावं, ते आता चालतं. साधी टेक्स्ट फाइल फोनवर वाचायला घेऊ नका: तिच्यातल्या ओळी ठरावीक लांबीला तोडलेल्या असतात, त्यामुळे अरुंद पडद्यावर एक पूर्ण ओळ, एक तुटकी ओळ असं दिसतं. तिरप्या अक्षरांच्या जागी अधोरेखा येतात आणि चित्राच्या जागी चौकटी कंसातला एक शब्द. पण शोधाशोध करायला, आकडे वेचून तक्ता करायला हीच फाइल उत्तम.

आता शोधाबद्दल, कारण या सेवेचा खरा फायदा तिथे आहे. ब्राउझरमध्ये पुस्तक उघडून पानातला शोध वापरा. 'शिलिंग' इंग्रजीत एकवचनी टाका, अनेकवचनही सापडतं. पेनीसाठी दोन शोध करावे लागतात: एक 'पेनी'चा आणि एक 'पेन्स'चा. नुसतं 'टूपेन्स' शोधलं तर बोलण्यातलं 'टपेन्स' सुटतं, 'पेन्स' शोधलं तर दोन्ही मिळतात. 'क्राउन' शोधाल तर मुकुटही येतील आणि 'पाउंड'मध्ये वजनं. 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये शिलिंगला बोलीतला शब्द 'बॉब' आहे आणि कारकुनाचं नावही बॉब. डिकन्सनं त्यावर कोटी केली आहे: शनिवारी बॉबच्या खिशात त्याच्याच नावाच्या पंधरा प्रती पडतात, म्हणजे आठवड्याला पंधरा शिलिंग पगार. नुसता 'शिलिंग' शोधणाऱ्याच्या हातून ही ओळ निसटते.

नाण्यांचा हिशेब पुस्तकात कुठेच समजावलेला नाही, आणि गुटेनबर्ग टिपाही देत नाही. तो आपणच जवळ ठेवावा: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, अडीच शिलिंगचं अर्धं क्राउन, २१ शिलिंगची गिनी, पेनीचा चौथा भाग म्हणजे फार्दिंग. ब्रिटननं ही पद्धत १९७१ मध्ये सोडली. आपल्याकडे १९५७ पर्यंत रुपया-आणे-पै होतेच, त्यामुळे ज्या घरांत सोळा आण्यांचा हिशेब अजून कुणाच्या तोंडी आहे तिथे मुलांना हे पटकन समजतं. एका आण्याच्या १२ पै, म्हणून शिलिंग-पेन्सची भागणी आणि आणे-पैची भागणी एकच.

आजच्या रुपयांत रूपांतर मात्र करू नका, ते फसवं ठरतं. पगार, भाडं आणि धान्य यांची आपसातली प्रमाणंच बदलली आहेत. त्यापेक्षा पुस्तकातली रक्कम पुस्तकातल्याच वस्तूनं मोजावी. 'द सीक्रेट गार्डन'मध्ये (१९११) यॉर्कशरमधल्या बंगल्यातली मोलकरीण मार्था सांगते की आम्ही बारा भावंडं आणि बापाला आठवड्याला सोळा शिलिंग. सोळा शिलिंग म्हणजे १९२ पेन्स. आईबाप धरून चौदा माणसं, सात दिवस. माणशी रोज जेमतेम दोन पेन्स येतात, त्यातच भाडं, कोळसा, कपडे. मार्था आणि तिचा भाऊ डिकन थोडा हातभार लावत असतील तरी फार फरक पडत नाही. आणि या घरातली आई मार्थाच्या पगारातून दोन पेन्स काढून फेरीवाल्याकडून दोरी घेते, ती स्वतःच्या पोरांसाठी नव्हे, बंगल्यातल्या श्रीमंत, एकट्या मेरीसाठी. म्हणजे एका माणसाचा दिवसभराचा सगळा खर्च तिनं दुसऱ्याच्या लेकीला देऊन टाकला. संक्षिप्त आवृत्तीत एवढंच उरतं की 'मार्थानं मेरीला दोरी आणून दिली'.

हेच माप 'अ लिटल प्रिन्सेस'ला लावा. दोन्ही पुस्तकं एकाच लेखिकेची, मध्ये सहाच वर्षं, त्यामुळे तुलना चालते. उपाशी साराला चिखलात चार पेन्सचं चांदीचं नाणं सापडतं. पेनीला एक असे चार गोड पाव ती मागते, बेकरीवाली दोन वरकड घालते. सहापैकी पाच ती दारातल्या भिकारी मुलीला देते. यॉर्कशरच्या त्या झोपडीत चार पेन्समध्ये दोन माणसांचा दिवस निघतो.

साराच्या बापाचा पैसा हिंदुस्थानातला, मेरीचा बापही तिथलाच साहेब. पण हा पैसा कुणाच्या कष्टांतून आला हे दोन्ही पुस्तकं विचारत नाहीत. हिंदुस्थानी नोकरांबद्दलची भाषाही ठिकठिकाणी अपमानकारक आहे. गुटेनबर्ग ती गाळत नाही, आणि ते योग्यच आहे, पण दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पुस्तक द्यायच्या आधी मोठ्यांनी 'द सीक्रेट गार्डन'ची पहिली चार प्रकरणं वाचून ठेवावीत.

'लिटल विमेन' आणि 'द रेल्वे चिल्ड्रन' दुसऱ्या प्रकारची गरिबी दाखवतात: घसरलेल्या मध्यमवर्गाची. 'लिटल विमेन'मधल्या मार्च बहिणी पहिल्याच पानावर गरिबीची तक्रार करतात, पण घरात हॅना नावाची स्वयंपाकीण आहे. खरी गरिबी जवळच राहणाऱ्या हमेल कुटुंबाची. बहिणींपैकी जोनं विकलेल्या केसांचे पंचवीस डॉलर येतात आणि नाताळात प्रत्येक बहिणीच्या हाती एकेक डॉलर असतो, हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या केसांची किंमत कळते. 'द रेल्वे चिल्ड्रन'मध्ये आई बजावते की पावाला जॅम किंवा लोणी, दोन्ही नाही. मुलांसोबत वाचायला सुरुवात करायची तर मी याच पुस्तकानं करायला सांगेन. भाषा सोपी आहे, आणि हमाल पर्क्स 'आम्हाला दान नको' म्हणून मुलांनी गोळा केलेल्या भेटींवर चिडतो ते प्रकरण आठवी-नववीच्या वर्गात तासभर चर्चा देतं.

ऐकायचं असेल तर लिब्रिवॉक्स. २००५ पासून स्वयंसेवक तिथे ही पुस्तकं वाचून ठेवतात, तीही फुकट. एकट्या वाचकाचं ध्वनिमुद्रण निवडा. अनेकांनी मिळून वाचलेल्यात प्रकरणागणिक आवाज आणि उच्चार बदलतात आणि मुलांचं लक्ष उडतं.

मराठीसाठी मात्र गुटेनबर्गचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे मराठी विकिस्रोताकडे वळावं लागतं. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन मुक्त होतं, म्हणून १९५० मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं साहित्य २०११ पासून सगळ्यांचं आहे. घरावरचं कर्ज आणि दाराशी आलेली सावकाराची माणसं मराठी मुलांना आधी तिथेच भेटतात.

हाच नियम वरच्या इंग्रजी पुस्तकांनाही लागतो. बर्नेट आणि 'द रेल्वे चिल्ड्रन'च्या लेखिका नेस्बिट दोघीही १९२४ मध्ये गेल्या, 'लिटल विमेन'च्या लेखिका अल्कॉट आणि डिकन्स त्याआधीच. त्यामुळे शाळेसाठी प्रकरणं छापायला किंवा स्वतःचा मराठी अनुवाद प्रसिद्ध करायला परवानगी लागत नाही. फक्त फाइलच्या सुरुवातीचा आणि शेवटचा परवान्याचा मजकूर आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गचं नाव काढून टाका. ते नाव नोंदणीकृत आहे, आणि त्या नावासह प्रती विकल्या तर त्यांच्या अटी लागू होतात.