पॅरेंट प्लस लोन : दीड वर्ष झालं घेऊन, ५ पैकी ३ स्टार

मुलीच्या सेकंड इयरला, ऑगस्ट २०२४ मध्ये, आम्ही इथलं अमेरिकन सरकारचं पॅरेंट प्लस लोन, म्हणजे मुलांच्या कॉलेजसाठी आईवडिलांना मिळणारं कर्ज, काढलं, २०,००० डॉलर. मिळायला एकदम सोपं. फाफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) आधीच भरलेला होता, साइटवर फॉर्म भरला, क्रेडिट चेक झाला आणि चहा गार व्हायच्या आत अप्रूव्ह. पगार किती, हे कोणी विचारलंच नाही! फक्त जुनं काही मोठं थकवलंय का तेवढं बघतात. आणि कॉलेजच्या एकूण खर्चातून बाकीची एड (स्कॉलरशिप, इतर लोन वगैरे) वजा जाता जे उरेल ते सगळं मागता येत होतं, आमच्या केसमध्ये ३२ हजार. बायको म्हणाली, "अहो, फेडणार कसं ते सरकार विचारत नाहीये, म्हणून आपणही विचारायचं नाही का?" मग बसलो, बचत काढली, २० वर आणलं.

आता फी. ४.२२८ टक्के ओरिजिनेशन फी आधीच कापून घेतात, हे मी वाचलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. दर सेमिस्टरला १०,००० जाणार म्हणून मी निवांत, आणि कॉलेजच्या पोर्टलवर लाल अक्षरात ४२२.८० डॉलर बाकी. मला वाटलं कॉलेजचीच चूक, फोन करून जरा आवाज चढवला, तिकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की सर, ९,५७७.२० च आलेत. गुपचूप चेक दिला. व्याज मात्र पूर्ण १०,००० वरच लागतं हां.

व्याज ९.०८ टक्के, फिक्स्ड. त्याच वर्षी मुलीच्या स्वतःच्या फेडरल लोनला ६.५३ होतं आणि फी जेमतेम १ टक्का, त्यामुळे तिचं सेकंड इयरचं ६,५०० चं लिमिट आधी पूर्ण वापरलं. तुम्हीही तेच करा. उलट का करतात लोक कळत नाही.

हप्ते शिक्षण संपून सहा महिने होईपर्यंत थांबवता येतात, पण व्याज थांबत नाही, शेवटी मुद्दलात जाऊन बसतं. म्हणून आम्ही महिन्याला साधारण १५१ डॉलर नुसतं व्याज भरतो. यात सर्व्हिसरने (सरकारच्या वतीने हप्ते गोळा करणारी कंपनी) डोकं खाल्लं, फॉर्ममध्ये डिफरमेंटला, म्हणजे हप्ते थांबवण्याला, टिक केलं होतं तरी नोव्हेंबरात पूर्ण हप्त्याचं बिल आलं, पाऊण तास होल्डवर ते म्युझिक ऐकलं, शेवटी मेसेज पाठवून स्क्रीनशॉट जोडला तेव्हा कुठे सुधारलं. एक स्टार तिथे गेला. दुसरा त्या फीमुळे.

लोन माझ्या नावावर आहे, उद्या पोरीला नोकरी लागली तरी तिच्या नावावर करून देत नाहीत. चांगली गोष्ट म्हणजे देव न करो पण मला किंवा तिला काही झालं तर माफ होतं, आणि लवकर फेडलं तर दंड नाही. तुमचं क्रेडिट खराब म्हणून नाकारलं तरी घाबरू नका, मुलाला स्वतःच्या नावावर जास्तीचं मिळतं, पहिली दोन वर्षं वर्षाला ४,०००, नंतर ५,०००. आणि एच-१बी वाल्यांनी वेळ घालवू नका, सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं.

१ जुलै २०२६ पासून नवीन घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० एवढंच. आमचं आधीचं असल्याने पोरीच्या शेवटच्या वर्षाला जुनेच नियम. मास्टर्स-पीएचडीवाल्यांचं ग्रॅड प्लस तर नवीन लोकांसाठी बंदच होतंय. भाच्याला लॉ करायचंय, तो म्हणतो मामा, एक वर्ष गॅप घेऊन पैसे साठवतो. म्हटलं घे, पण आधी प्रायव्हेट लोनचे रेट बघ, तिथे तुझा पगार विचारतील आणि वर कोसायनर (जामीनदार) म्हणून मामाच आठवेल.