पॉवर क्वेरी : कोड न लिहिणाऱ्यांच्या हाती आलेले एक्सेल

एक्सेलमध्ये तेच ते काम आपोआप करून घ्यायचे, तर १९९३ साली व्हीबीए ही प्रोग्रॅमिंगची भाषा एक्सेलमध्ये आल्यापासून बहुतेकांपुढे मॅक्रो, म्हणजे त्या भाषेत नोंदवून ठेवलेल्या कृती, हाच मार्ग असे. मॅक्रो नोंदवणे सोपे होते; तो बिघडला की मात्र कोड वाचता येणारा माणूस शोधावा लागे, आणि असा माणूस नोकरी सोडून गेला की त्या फाइलला हात लावण्याची कोणाची छाती होत नसे. पॉवर क्वेरी ही माहिती एक्सेलमध्ये आणून तिची साफसफाई व जुळणी करणारी सोय या दुखण्यावर उत्तम उपाय आहे, असे माझे मत आहे. एक्सेल २०१० आणि २०१३ साठी ती वेगळी उतरवून घ्यावी लागे. २०१६ पासून ती ‘डेटा’ टॅबमध्येच मिळते.

तिचे खरे बळ उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीत आहे. रकाना काढला, रिकाम्या ओळी गाळल्या, दोन तक्ते जोडले, की प्रत्येक कृतीची तेथे नोंद होते. कोणत्याही पायरीवर क्लिक केल्यास त्या टप्प्यावर तक्ता कसा होता ते दिसते, आणि मूळ फाइलला कोठेही धक्का लागत नाही. दुसऱ्याने केलेले काम कोड न वाचता तपासता येणे, ही सोय मॅक्रोने कधीच दिली नव्हती.

विक्रीच्या तक्त्यात डावीकडे वस्तूंची नावे आणि वर जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने असतात. डोळ्यांना ही मांडणी सोयीची असली, तरी माहितीचा गोषवारा काढून देणाऱ्या पिव्होट टेबलला ती मानवत नाही. वस्तूंचा रकाना निवडून ‘अनपिव्होट अदर कॉलम्स’ म्हटले, की बारा रकान्यांचे दोनच रकाने होतात, एक महिन्याचा आणि एक आकड्याचा. पुढे नव्या महिन्याचा रकाना वाढला तर रिफ्रेश केल्यावर तोही त्यात सामावला जातो. एवढ्या एका आज्ञेसाठीसुद्धा ही सोय शिकून घ्यावी.

उणिवा आहेत, आणि त्या नवख्यालाच अधिक जाचतात. फाइल उघडताच ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी सहसा न मागता जोडली जाते आणि तिच्यात रकान्यांची नावे पक्की लिहिलेली असतात. पुढच्या महिन्यात कोणी ‘रक्कम’ ऐवजी ‘एकूण रक्कम’ असे शीर्षक दिले, की सारे काम तेथेच अडते. ती पायरी खोडून रकान्यांचे प्रकार शेवटी स्वतः ठरवलेले बरे. त्याहून फसवी गोष्ट अशी की तक्ते जोडताना इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. एका तक्त्यातले नाव दुसऱ्यात शोधणाऱ्या व्हीलुकअप या सूत्राला जी दोन नावे एकच वाटतात, ती येथे जुळत नाहीत, आणि चूक झाल्याचा इशारा न मिळता जागा नुसती रिकामी राहते. शिवाय मूळ माहिती बदलली तरी रिफ्रेश होईपर्यंत तक्ता जुनाच राहतो, हे सूत्रांची सवय असलेल्यांच्या पटकन लक्षात येत नाही. मॅकवर माहितीचे स्रोतही विंडोजपेक्षा कमी मिळतात.

२०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या लॅम्बडा या एक्सेलच्या फंक्शनशी पॉवर क्वेरीची तुलना होते, पण दोहोंचे गिऱ्हाईक वेगळे आहे. लांबलचक सूत्राला स्वतःचे नाव देऊन ते इतरांना वापरायला देण्याची लॅम्बडाची सोय झकास असली, तरी आधी ते सूत्र लिहिता यावे लागते. ज्यांची गाडी ‘सम’ आणि ‘इफ’ यांच्या पुढे जात नाही, पण दर महिन्याला दहा फाइली एकत्र कराव्या लागतात, त्यांनी पॉवर क्वेरीच घ्यावी आणि सुरुवात एका फोल्डरमधल्या फाइली एकत्र करणाऱ्या ‘फ्रॉम फोल्डर’ या पर्यायापासून करावी.