लाकडी युनिट ब्लॉक: संच निवडताना काय तपासावं आणि घरी आणल्यावर काय टाळावं

युनिट ब्लॉक म्हणजे टणक लाकडाचे, न रंगवलेले ठोकळे. मूळ ठोकळा, म्हणजे युनिट, साधारण १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि ३.५ जाड असतो. बाकीचा सगळा संच याच मापातून निघतो. अर्धा ७ सेंटिमीटरचा, दुप्पट २८ चा, चौपट ५६ चा. युनिट उभा चिरला की खांब, तिरका कापला की त्रिकोण. सोबत कमानी आणि नळकांडी. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा सुरू करणाऱ्या कॅरोलिन प्रॅट यांनी या ठोकळ्यांची रचना केली आणि आजही बहुतेक चांगले संच त्याच मापांवर चालतात.

आमचं मत आधीच सांगतो. दोन-अडीच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एकच मोठी खरेदी करायची असेल, तर ती हीच करावी. मात्र संचाची मापं काटेकोर हवीत, साध्या आयताकृती ठोकळ्यांची संख्या पुरेशी हवी आणि खोक्यातला, काय बांधायचं ते दाखवणारा चित्रांचा कागद सुरुवातीला मुलाच्या हाती पडू नये. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी संच कपाटावर धूळ खात पडतो, आणि मग दोष ठोकळ्यांना दिला जातो.

मापांपासून सुरू करू, कारण बहुतेक स्वस्त संच इथेच मार खातात. ४:२:१ या प्रमाणामुळे ठोकळा आडवा ठेवला तर उंची ३.५, कडेवर ठेवला तर ७ आणि उभा केला तर १४ सेंटिमीटर होते. म्हणजे चार आडव्या ठोकळ्यांची चळत आणि एक उभा ठोकळा एकाच उंचीचे. यावर आडवी फळी टाकली की ती सपाट बसते, आणि मुलाला अर्धं, पाव, दुप्पट ही नाती हाताने कळतात. आता जाडी ३५ ऐवजी ३६ मिलिमीटर निघाली असं धरा. चार थरांत ४ मिलिमीटरचा फरक पडतो, फळी डुगडुगते आणि तिच्यावर पुढचा मजला चढत नाही. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. प्रत्यक्षात चुकलेलं असतं लाकूड कापणाऱ्याचं.

दुकानात करायची तपासणी सोपी आहे. एक युनिट उभा ठेवा, शेजारी चार आडवे रचा आणि दोन्हींच्या माथ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो संच ठेवून द्या. मग दहा-दहा आडव्या ठोकळ्यांचे दोन मनोरे शेजारी उभे करा. माथे जुळत नसतील तर जाडी प्रत्येक ठोकळ्यागणिक वेगळी आहे, आणि एखादा मनोरा एका अंगाला कलत असेल तर कापणी काटकोनात झालेली नाही. दुसरा दोष पहिल्यापेक्षा वाईट. जाडीतला फरक मूल ठोकळे निवडून सांभाळून घेतं, वाकड्या कापणीवर मात्र काहीच इलाज नाही. हवेतला ओलावा वाढला की लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने किंचित फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे चांगल्या संचातही ऋतूनुसार केसभर फरक येतो. तो चालतो.

लाकडाचा मुद्दा वजनाचा आहे. हार्ड मेपल किंवा बीचचा एक युनिट सुमारे २४० ग्रॅम भरतो, रबरवुडचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचा, २१०च्या आसपास, पाइनचा १६०-१७०. मनोरा उभा राहतो तो या वजनावर. पाइन मऊ असल्यामुळे पडून पडून त्याचे कोपरे दबतात आणि वर्षभरात सगळी काटेकोर मापं वाया जातात. आम्ही मेपल किंवा बीचच घ्यायला सांगू, आणि परवडत नसेल तर रबरवुड. निम्म्या मापाचे छोटे संच मिळतात, ते दिसायला तेच असले तरी खेळायला ते नव्हेत. मापं निम्मी केली की वजन एक अष्टमांश होतं. २४० ग्रॅमचा ठोकळा ३० ग्रॅमवर येतो आणि बाहीचा धक्का लागला तरी मजला कोसळतो. शिवाय त्यांतले बारीक त्रिकोण आणि नळकांडी घशात अडकण्याइतकी लहान असू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची चाचणी-नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारा तुकडा त्या वयासाठी बाद. पूर्ण मापाचा युनिट ३५ मिलिमीटर जाड असल्याने तिच्यात शिरतच नाही.

कडा हाताला टोचू नयेत, पण दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त गोल केलेल्या नसाव्यात. प्रत्येक कड ५ मिलिमीटर गोल केली की ३५ च्या बाजूवर टेकायला २५च उरतात. जाड, चकचकीत वॉर्निशही नको, त्यावर ठोकळे घसरतात. नुसतं घासून गुळगुळीत केलेलं लाकूड किंवा अगदी पातळ थर उत्तम.

आता मूळ प्रश्न. आवाज करणारी, दिवे लावणारी इतकी खेळणी असताना या मुक्या लाकडाची शिफारस का? त्यासाठी मानसशास्त्रज्ञ कोरिन हट यांचा १९६६ सालचा प्रयोग पाहावा लागतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसमोर त्यांनी एक पेटी ठेवली. तिला एक तरफ होती आणि ती हलवली की घंटा किंवा बझर वाजे. सुरुवातीला मुलांचा चेहरा गंभीर, डोळे आणि हात एकाच जागी खिळलेले. ही शोधाची अवस्था, म्हणजे ‘ही वस्तू काय करते?’ ते कळलं की अंग सैल होतं आणि दुसरा प्रश्न सुरू होतो: ‘मी हिचं काय काय करू शकतो?’ खेळ खरा सुरू होतो तो इथे. खेळण्याची किंमत ठरवायची ती दुसऱ्या प्रश्नाला किती उत्तरं मिळतात यावर. बटण दाबून गाणं म्हणणाऱ्या खेळण्याचा पहिला प्रश्न रंजक असतो, दुसरा लवकर संपतो. ठोकळ्याचा पहिला प्रश्न दोन मिनिटांत संपतो आणि दुसरा पाच वर्षं पुरतो.

प्राण्यांमध्येही वस्तूंशी खेळ आढळतो, अगदी कीटकांपर्यंत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भुंग्यांसारख्या केसाळ बम्बलबी माश्यांना अन्नाकडे जायला मोकळी वाट होती, तरीही त्या वाट सोडून लाकडी गोळ्या ढकलायला जात होत्या. ४५ माश्यांपैकी कुणी एकदा, तर कुणी तब्बल ११७ वेळा गोळ्या फिरवल्या, आणि लहान वयाच्या माश्या जास्त. बक्षीस काहीच नव्हतं. याला खेळ म्हणायचं का, हे ठरवताना प्राणिवर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बुर्गहार्ट यांच्या पाच कसोट्या वापरतात. कृती तात्काळ उपयोगाची नसावी, ती आपखुशीने व्हावी, खऱ्या कामाच्या कृतीपेक्षा तिचं रूप वेगळं असावं, ती पुन्हापुन्हा पण यांत्रिक नसलेल्या रीतीने व्हावी, आणि प्राणी निवांत असावा. भुकेलेला, घाबरलेला प्राणी खेळत नाही.

या शेवटच्या कसोटीकडे ठोकळे घेणारे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. येण्याजाण्याच्या वाटेवर मांडलेला खेळ, धाकट्याची लाथ बसण्याची धास्ती, ‘जेवायच्या आत सगळं आवर’ हा तगादा, यांत मूल मोठं काही बांधायला घेतच नाही. खोलीचा कोपरा द्या, दोन बाजूंनी भिंत असलेला. खाली कडक, आखूड धाग्यांची सतरंजी. आवाज कमी होतो आणि ठोकळे सरळ उभे राहतात. मऊ, जाड गालिच्यावर तळचाच थर कलतो. जमत असेल तर बांधकाम रात्रभर तसंच राहू द्या.

मनोरा पडणं हाही खेळाचाच भाग आहे. मारेक श्पिंका, रूथ न्यूबेरी आणि मार्क बेकॉफ यांनी २००१ साली मांडलेली कल्पना अशी, की खेळताना प्राणी मुद्दाम स्वतःचा तोल घालवतात आणि सावरतात, म्हणजे अनपेक्षित प्रसंगासाठी शरीर आणि मन तयार होतं. उड्या मारताना हवेत अंग पिळवटणारं कोकरू पाहिलं की हे पटतं. ठोकळ्यांवर ठोकळे चढवत पडेपर्यंत जाणारं मूल आम्हाला त्याच जातीचं वाटतं. म्हणून मनोरा धरून ठेवू नका. चुंबकी फरशांची खेळणी याच कारणाने आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. लहान मुलाला त्यांत लवकर यश मिळतं, पण चुंबक चूक झाकतो आणि वजन, तोल यांचा धडा पुसट होतो. तशा फरशा फुटल्या तर ताबडतोब टाकून द्याव्यात. एकाहून जास्त चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींना चिमटीत धरून भोक पाडू शकतात.

चित्रांचा कागद का लपवायचा, तेही सांगितलं पाहिजे. २०११ साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी मुलांना अनेक छुप्या करामती असलेलं एक खेळणं दिलं. ज्यांना त्यातली एक करामत शिकवल्याच्या सुरात दाखवली, ती मुलं तेवढीच करत राहिली आणि बाकीच्या कमी शोधल्या. ज्यांच्यासमोर ती योगायोगाने घडली, त्यांनी जास्त धुंडाळलं. मोठ्यांनी शिकवलं म्हणजे शिकण्यासारखं एवढंच आहे, असा अर्थ मूल काढतं, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. किल्ल्याचं चित्र समोर ठेवलं की बाकीच्या रचना मागे पडतात. कागद काही महिन्यांनी, मुलाने मागितला तर द्या.

संख्येबाबत संचावरचा आकडा फसवा असतो. ‘५० नग’ लिहिलेल्या संचात पुष्कळदा त्रिकोण, कमानी, छोटी नळकांडीच जास्त भरतात. साधा हिशेब करा. ५६ सेंटिमीटर बाजूचं चौकोनी कुंपण, तीन थरांचं. एका बाजूला दोन दुप्पट, म्हणजे चार बाजूंना आठ, तीन थरांना २४ दुप्पट किंवा ४८ युनिट. निम्म्याहून अधिक नग युनिट, दुप्पट आणि अर्धे नसतील तर संच शोभेचा आहे. एका मुलासाठी ७०-८०, दोघांसाठी १२० च्या पुढे धरा. सगळे एकदम मात्र काढू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीड ते अडीच वर्षांची मुलं १६ खेळण्यांऐवजी ४ असताना एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तो प्रयोग वेगवेगळ्या खेळण्यांचा होता, तरी या वयाला पहिले काही आठवडे तीस-चाळीस साधे ठोकळे पुरतात. कमानी नंतर.

दोन वर्षांचं मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून नेतं, बांधत नाही, ही तक्रार नेहमी येते. बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ सालीच हा क्रम नोंदवला होता: आधी वाहणं, मग रांगा आणि मनोरे, मग पूल, मग कुंपण, मग नक्षी, आणि पुढे घर, स्टेशन अशा नावाच्या वास्तू. वाहणाऱ्या मुलाला टोपली द्या. पूल हा टप्पा सर्वांत रोचक. दोन खांबांमधलं अंतर फळीपेक्षा जास्त पडतं, मूल फळी बदलून पाहतं, फिरवून पाहतं, आणि खांबच जवळ घ्यायला हवा हे एका क्षणी त्याच्या हाताला सुचतं. तेव्हा मध्ये बोलू नये.

उणिवाही आहेत. ठोकळा स्वतः हलत नाही, त्यामुळे काही मुलांचा उत्साह मावळतो. मांजरांवरच्या प्रयोगांतही तेच खेळणं वारंवार दिलं की खेळ थंडावतो आणि वेगळं दिलं की पुन्हा पेटतो, असं दिसलं आहे. इथे नवा संच नको. लाकडी प्राणी, छोट्या गाड्या, कापडाचे तुकडे आलटून पालटून ठेवले तरी पुरे. दुसरी उणीव मोठी आहे. या खेळात अंगमस्ती नाही. उंदरांची पिल्लं खेळातल्या कुस्तीत एकमेकांच्या मानेमागे नाक खुपसतात, खऱ्या भांडणात मात्र पाठीच्या मागच्या भागाला चावतात. अशा कुस्तीला मुकलेली पिल्लं मोठेपणी इतरांशी वागताना गोंधळतात. मुलांनाही पळापळ, लोळालोळी लागतेच, आणि ठोकळे तिची जागा घेणार नाहीत.

चौपट ठोकळा जवळपास एक किलोचा असतो आणि पायावर पडला तर नख काळं पडतं. मुलाच्या खांद्याच्या उंचीवर रचायचे झाल्यास अर्धेच वापरावेत. ठेवायला पिशवी किंवा पेटारा नको. तळाशी गेलेले नग मूल शोधत नाही. साठ सेंटिमीटरपेक्षा रुंद, उघडी, बुटकी मांडणी घ्या, ठोकळे लांबी दिसेल असे ठेवा आणि फळीवर प्रत्येक आकाराची बाह्यरेषा काढा. पुसायला पिळून घेतलेलं फडकं. पाण्यात बुडवले तर लाकडाचे तंतू उभे राहतात, मग २२० नंबरच्या सँडपेपरने रेषांच्या दिशेने हलकेच घासावं.

पुढे संच वाढवायचा असेल तर शक्यतो त्याच उत्पादकाचा घ्या. काही जण जाडी ३५ ऐवजी ३२-३३ मिलिमीटर ठेवतात आणि असे ठोकळे एकत्र झाले की जुने-नवे दोन्ही निकामी. खरेदीला जाताना घरातला एक युनिट सोबत न्या आणि नखाची तपासणी त्याच्याशी करा.